अकोल्याचं बाकी काम

या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच कबूल. अमरावतीत तर नाहीच. तिथं नत्थुजी कूलरवाल्याला सगळे ओळखतात, आणि नत्थुजी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला, ठरल्या घरी पोचला असं कोणी सांगायला लागलं की माणसं पुढचं ऐकतच नाहीत, उठून पान खायला जातात. पण तो पोचला होता. आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, अकोल्यात, दुपारी बाराच्या ठोक्याला. आणि त्या दिवशी अकोल्यात ऊन असं होतं की विजेच्या खांबांनी आपापल्या सावल्या बुडाशी ओढून घेतल्या होत्या, आणि एका बाईनं वाळत टाकलेलं लुगडं दोरीवर पोचेपर्यंत कुरडईसारखं कडक होऊन मोडलं होतं.

नत्थुजीच्या हाताला गुण होता, याबद्दल वाद नाही. मेलेली मोटर तो कानाला लावून हलवायचा आणि काय झालंय ते सांगायचा. अमरावतीत तर त्याची कामं होतीच, पण अकोल्यालाही पंचवीस-तीस घरं त्यानं धरून ठेवली होती. खोड एकच. गिऱ्हाइकाचा फोन आला की तोंडातून पहिला शब्द निघायचा, "निघालोच." हे तो कुठून म्हणायचा? तर घरच्या खाटेवरून. खाटेसमोर त्याचा स्वतःचा कूलर होता, म्हशीएवढा. त्यात बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातला पंखा बसवलेला. तो सुरू झाला की गल्लीतली कबुतरं उडायची आणि तीन घरं सोडून असलेल्या कॅलेंडरचं पान उलटायचं. त्या वाऱ्यात आडवं पडून नत्थुजी फोनवर सांगायचा, "रस्त्यातच हाय, भाऊ. बडनेरा पास झालं."

अमरावतीच्या माणसांना याचा अर्थ माहीत होता. ते "बरं बरं" म्हणून दुसऱ्या मिस्त्रीला फोन लावायचे. अकोल्याच्या लोकांना माहीत नव्हता.

फाल्गुनात त्याच्या मुलीनं, रूपालीनं, हे सगळं बंद करायचं ठरवलं. ती घरूनच एका कंपनीचं काम करायची, कॉम्प्युटरच्या धंद्यातली. तिनं दोन गोष्टींची गाठ घालून दिली. एक, फोन उचलणारी एआयची बाई. दुसरं, कामांचं वेळापत्रक ठेवणारं सॉफ्टवेअर. गिऱ्हाइकाचा फोन आला की बाई बोलणार, वेळापत्रकात रिकामी जागा बघणार, तिथं काम बसवणार, आणि नत्थुजीच्या मोबाइलवर हिरवी चौकट उमटणार.

"म्हणजे माह्या आवाजात बोलन का ते?" नत्थुजीनं विचारलं.

"नाई, बाबा. तुमच्या आवाजात बोललं तर लोक खरं मानतील का?"

बाईचं नाव श्रावणी. बोलणं थेट पुण्याकडचं, इस्त्री केल्यासारखं. "नमस्कार, नत्थुजी कूलर सर्व्हिसमधून श्रावणी बोलते आहे. मी आपली काय मदत करू शकते?" पहिल्या दिवशी राजापेठेतल्या एका गिऱ्हाइकानं चुकीचा नंबर लागला म्हणून चार वेळा फोन ठेवला.

बाईला सगळं येत होतं. एवढंच की तिला "निघालोच" म्हणता येत नव्हतं. रूपालीनं नत्थुजीच्या मोबाइलचा ठावठिकाणाही तिच्या हवाली केला होता. कोणी विचारलं, मिस्त्री कुठवर आले, तर बाई गोड आवाजात सांगायची, "ते घरी आहेत. अजून निघालेले नाहीत." नत्थुजी खाटेवरून ते ऐकायचा आणि चप्पल शोधायचा. दीड महिन्यात माणूस रोडावला, आणि कामं मात्र वेळेवर व्हायला लागली.

मग रूपालीनं हौसेनं आणखी एक केलं. बापाच्या कामाच्या जुन्या वह्या तिनं सॉफ्टवेअरात चढवल्या. ज्या कामापुढं "झालं" अशी खूण नव्हती, त्या सगळ्यांना बाईनं आपणहून फोन लावायला सुरुवात केली. "आपलं काम आमच्याकडे बाकी आहे. माणूस कधी पाठवू?"

चैत्र संपत आला होता. सकाळी नत्थुजी चहा पीत होता, आणि मोबाइलवर हिरवी चौकट उमटली.

अकोला. खुशालराव. कूलरची मोटर बदलणे, बाकी, मागच्या मे महिन्यापासून. ग्राहकाशी बोलणं झालं. नवीन वेळ: आखजी, दुपारी बारा. कामाचा प्रकार: जेवायला बसणे. लागणारा वेळ: दीड तास. सोबत आणायचं साहित्य: भूक.

नत्थुजीनं ते दोनदा वाचलं. हातातला चहा थंड होत गेला आणि हातही. कारण खुशालराव मेला होता. मागच्या मे महिन्यातच मेला होता, आणि हे नत्थुजीला माहीत होतं, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानं परसात जाऊन, आवाज बारीक करून, बाईलाच फोन लावला. "अकोल्याच्या त्या घरी तू बोलली कोनाशी?"

"फोन एका महिलेनं उचलला. त्यांचं नाव पार्बताबाई. त्या म्हणाल्या, कूलर आता नको. पण आखजीला बारा वाजता जेवायला बसायला एक माणूस हवा आहे. घरचा चालत नाही, बाहेरचा लागतो. मी आपली वेळ दिली."

नत्थुजी चुलीजवळच्या पायरीवर बसला. आखजीला पितर जेवतात, हे वऱ्हाडात लहान पोरालाही ठाऊक. घरातलं माणूस गेल्यावर पहिली आखजी आली की कोरी घागर भरतात, आणि त्या गेलेल्या माणसाच्या जागी बाहेरच्या एकाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालतात. तो जेवला म्हणजे मेलेला जेवला. तो प्यायला म्हणजे मेलेला प्यायला. आणि बाईनं त्याला खुशालरावाच्याच पाटावर बुक केलं होतं.

मागच्या मे महिन्यात काय झालं होतं, ते एवढंच. खुशालराव एसटीतला निवृत्त कंडक्टर, छातीनं अधू. त्याच्या कूलरची मोटर जळली. मोटर नत्थुजीजवळ तयार होती. सकाळी नवापासून खुशालरावाचे फोन यायला लागले, आणि नत्थुजी खाटेवरून "निघालोच" म्हणत राहिला. दहा वाजता बडनेरा पास झालं. अकराला मूर्तिजापूर. साडेबाराला बोरगाव. चार फोन खुशालरावाचे. पाचवा आला तेव्हा बाईमाणसाचा आवाज होता, "मिस्त्री, लवकर या, त्याईले कसंतरी होऊन राहिलं." नत्थुजी म्हणाला, "आलोच, माय, अकोल्यात शिरलो," आणि कुशीवर वळला. खरा निघाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, पिशवीत मोटर घेऊन. गल्लीच्या तोंडाशी बांबू दिसले, मडकं दिसलं, पांढऱ्या टोप्या दिसल्या. तो तिथूनच मागं फिरला. त्या घरच्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पहिली भेट फोनवरच झाली होती, काम घेतलं तेही फोनवर. त्याच्याबद्दल त्यांच्याकडे एकच गोष्ट होती, ती म्हणजे आवाज.

"ते अकोल्याचं काम कॅन्सल कर," तो बाईला म्हणाला.

"करते. ग्राहकाला कारण काय सांगू?"

"सांग, गाडी पंचर झाली."

"काम अजून आठ दिवसांवर आहे. तोपर्यंत पंक्चर दुरुस्त होईल. दुसरं कारण सांगू का?"

"सांग, मिस्त्री बिमार हाय."

"आजाराची नोंद माझ्याकडे नाही. आपण घरी आहात आणि यायला तयार नाही, इतकं मला सांगता येईल. ते सांगू का?"

नत्थुजीनं फोन उलटा करून पायरीवर ठेवला. मग रूपालीच्या कानावर घातलं, अर्धंच. ती आधी हसली.

"पितर म्हणून बोलावलं, बाबा? मग जाच लागते. तुमी नाई गेले तर त्या माणसाचं ताट तसंच राहीन. पहिली आखजी हाय त्याची."

"मले काहून बोलावलं पण? जवळचा कोनी मिस्त्री नाई का?"

"जेवाले मिस्त्री लागते का कुठं?" रूपाली म्हणाली. "बाईनं फोन केला, त्याईले माणूस पायजे होता. योग म्हणा."

त्या दिवसापासून नत्थुजीला तहान लागली. खोटं वाटेल, पण माठ दोनदा भरावा लागायचा. रात्री नाही, संध्याकाळी नाही. बरोबर दहा वाजता सुरू व्हायची, अकराला वाढायची, आणि साडेबाराला जिभेचा चामड्याचा तुकडा व्हायचा. कूलरसमोर पडलं तरी उतरायची नाही. उलट पंखा सुरू केला की त्याला वाटायचं, कोणीतरी दाराशी बसून घड्याळ बघतंय.

आखजीच्या सकाळी तो एसटीनं निघाला. गाडी नेली असती तर पंक्चर होण्याची भीती होती, आणि आता खरीच झाली असती तर कोणाला सांगणार? खिडकीपाशी बसून त्यानं बेत पक्का केला. आपण नत्थुजी नाहीच. नत्थुजीनं पाठवलेला माणूस. बोलायचं कमी. मान डोलवायची. जेवायचं, उठायचं, पहिली एसटी पकडायची.

अकोल्यात तो उतरला तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांची शटरं खाली. एक कुत्रं एका रसवंतीच्या बंद गाड्याखाली झोपलं होतं. नत्थुजी जवळून गेला तेव्हा त्यानं एक डोळा उघडून असं बघितलं, जसं काही ओळखलं. गल्ली सापडली, घर सापडलं. ओसरीत दाराशी एक खुर्ची होती, रस्त्याकडं तोंड केलेली, रिकामी. भिंतीवर खुशालरावाचा फोटो, खाकी कपड्यातला. खिळ्याला त्याचं घड्याळ टांगलेलं, आणि ते चालू होतं.

पार्बताबाई दारातच उभी होती. सडपातळ, पासष्टीची, डोक्यावर पदर. तिच्यामागं हातात परात घेऊन शेजारची शकुन, जी फक्त वाढायला आली होती पण बोलायची दोघींच्या वाटचं.

"नत्थुजी का?" पार्बताबाईनं विचारलं.

नत्थुजीनं घसा दाबून, आवाज नाकात नेऊन सांगितलं, "नाई. मी त्याईचा माणूस. त्याईले बरं नाई."

"असं," पार्बताबाई म्हणाली. "मले तर तुमच्या बाईचा फोन येऊन राहिला सकाळपासून. नत्थुजी बडनेऱ्याहून पुढं गेले म्हणे. मग मूर्तिजापूर पास झाले म्हणे. आता दोन मिनिटांपहिले म्हणे, नत्थुजी तुमच्या दारात पोचले."

नत्थुजीच्या पाठीवरून घामाचा एक थेंब निघाला आणि थेट टाचेपर्यंत गेला. "त्याईचा फोन माह्याजवळ हाय," तो म्हणाला, "म्हणून."

"या," पार्बताबाई म्हणाली. "पाय द्या."

तिनं खाली बसून तांब्यानं त्याचे पाय धुतले. नत्थुजीला पाय मागं घ्यावेसे वाटले. पण घेता येत नाहीत, पितर पाय मागं घेत नाही. मग त्याच्या डोक्यावर कोरी टोपी आली, खांद्यावर दुपट्टा आला. पाटावर बसवलं. समोर पत्रावळ, बाजूला कोरी घागर, घागरीवर खरबूज. आणि बरोबर समोर, खिडकीखाली, तो कूलर. कूलरचं दार उघडं होतं. आतलं गवत वाळून पिवळं पडलेलं, आणि मोटरची जागा रिकामी. ती मोटर वर्षभर नत्थुजीच्या घरी खाटेखाली पडून होती.

शकुननं वाढलं. आंब्याचा रस, पोळी, वडे, कढी, कुरडई. "पितर लाजून राहिले वाटते," ती म्हणाली. "आमचे खुशालकाका तर ताटाले हात लावल्याबिगर कोनाशी बोलत नसत."

नत्थुजीनं मान डोलवली आणि आधी लोट्याला हात घातला. एक लोटा पाणी गेलं. घसा कोरडाच. दुसरा गेला. तिसरा. शकुन घागरीतून ओतत राहिली आणि हळूहळू तिचं बोलणं थांबलं. पाचवा लोटा, सहावा. सातव्या लोट्याला घागरीचा तळ वाजला. नत्थुजीच्या पोटात पाणी डचमळत होतं, आणि जीभ अजून टाळूला चिकटलेली होती, बरोबर साडेबाराला चिकटायची तशीच. खिळ्यावरच्या घड्याळात साडेबारा वाजले होते.

पार्बताबाई त्याच्याशेजारी बसून हातपंख्यानं वारा घालत होती. वारा घालता घालता बोलायला लागली, त्याच्याकडं न बघता, कूलरकडं बघत.

"त्या दिवशी ते असेच खुर्चीत बसले होते, दाराशी. मी म्हणे, आत या, तर नाई. माणूस येऊन राहिला म्हणे, दारात कोनी दिसलं नाई तर पुढं निघून जाईन. अडतीस वर्षं एसटीत काढले न त्याईनं. नत्थुजी म्हणे बडनेरा पास झालं, तर त्याईनं घड्याळ पाहिलं. म्हणे, गाडी बरी चालून राहिली. मूर्तिजापूर म्हटलं तर बोटावर मोजलं, आता एवढे मिनिटं. बोरगाव म्हटलं तर मले म्हणे, पार्बते, चहाचं आधण ठेव, आला तो. आधण आटलं. दुसरं ठेवलं. तेही आटलं."

नत्थुजीनं हातातला घास परत पत्रावळीवर ठेवला.

"जेवा," ती म्हणाली. "तुमी नाई जेवले तर ते जेवत नाईत."

तो जेवला. रस घशाखाली उतरवताना त्याला वाटलं, मागच्या खुर्चीत कोणीतरी बसलंय. वळून बघायची हिंमत झाली नाही. खुर्ची करकरली, ते मात्र त्यानं ऐकलं. शकुननंही ऐकलं असावं, कारण तिनं परात खाली ठेवली.

शेवटी पार्बताबाईनं हात जोडले. आता रीतीप्रमाणं पितराला विचारायचं असतं आणि पितरानं तोंडानं सांगायचं असतं. मान डोलवून चालत नाही.

"पोट भरलं का? काई राहिलं का?"

नत्थुजीनं आवाज नाकात नेला. नाक कोरडं होतं, घसा कोरडा होता, आवाज कुठंच जाईना. जो निघाला तो त्याचाच निघाला, रोजचा, खाटेवरचा. "धालो, माय. काई नाई राहिलं."

पार्बताबाईनं डोळे मिटून ते ऐकलं. मग पंखा परत हातात घेतला.

"तुमी त्याईचे माणूस," ती म्हणाली. "तुमाले सांगतलंच असन त्याईनं. त्या दिवशी नत्थुजी कुठं होते?"

दार सहा पावलांवर होतं. जेवण झालं होतं, पितर धाला होता, गप्प बसला असता तरी चाललं असतं. कोणीच काही म्हटलं नसतं. पण तीस वर्षांची जीभ, ती काही मालकाला विचारत नाही.

"निघालेच होते, माय," नत्थुजी म्हणाला. "खोटं नाई सांगत. रस्त्यातच होते ते. बोरगावच्या पुढं गाडी पंचर झाली, ऊन असं, पंचरवाला भेटेना. शेवटचा फोन आला तवा तर अकोल्यात शिरले होते. लय हळहळते अजून."

पार्बताबाईनं पंखा पाटाच्या कडेला नीट ठेवला.

"शेवटचा फोन मीच लावला होता," ती म्हणाली. "तुमच्या मागं कूलर चालू होता, मिस्त्री. पाण्याची धार ऐकू येत होती. मी त्याईले सांगतलं, येऊनच राहिले, रस्त्यात हाय. ते ऐकूनच त्याईनं डोळे मिटले. रस्त्यात कूलर नसते, नत्थुजी."